जॅक केली, फिलाडेल्फियाचा गवंडी रोइंगपटू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रोइंग शिकायला येणाऱ्या पोरांना मी जॅक केलीची गोष्ट हमखास सांगतो आणि मग दरवर्षी तेच तेच प्रश्न येतात, काही पोरांचे, काही त्यांच्या आईवडिलांचे. म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतोय. मला हा माणूस मनापासून आवडतो हे आधीच सांगतो, पण आवडतो म्हणून त्याच्याबद्दलच्या सगळ्या ऐकीव गोष्टी खऱ्या धरून चालणार नाही, तिथे तिथे तसं लिहिलंय.

हा जॅक केली नक्की कोण?

पूर्ण नाव जॉन ब्रेंडन केली, सगळे जॅक म्हणायचे. जन्म ४ ऑक्टोबर १८८९, अमेरिकेतलं फिलाडेल्फिया शहर. धंद्याने गवंडी, वीटकाम करणारा. आणि हौशी रोइंगपटू म्हणून तीन ऑलिम्पिक गोल्ड मेडल, दोन १९२०ला, एक १९२४ला. त्यातली १९२०ची दोन्ही एकाच दिवशी, मध्ये साधारण अर्ध्या तासाचं अंतर ठेवून. २० जून १९६०ला वारला.

ती हॉलिवूडची ग्रेस केली याचीच मुलगी का?

हो, तीच. जन्म १९२९, आणि १९५६ला मोनॅकोच्या प्रिन्स रेनिएशी लग्न झालं. बहुतेक लोक जॅकपर्यंत तिच्यामुळेच पोचतात, काही हरकत नाही, पण तिच्या जन्माच्या आधीच याचं रोइंगचं सगळं करून झालेलं होतं.

घरची परिस्थिती कशी होती?

आईवडील आयर्लंडच्या मेयो भागातून आलेले, दहा भावंडं, राहायला ईस्ट फॉल्स नावाच्या गिरणीवस्तीत. तिथे डॉब्सनच्या मोठ्या गिरण्या होत्या, गालिचे आणि कापड बनायचं, आणि वस्तीतली पोरं लहान वयातच तिथे कामाला लागायची. गिरणगावात ज्यांचं बालपण गेलं त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. थोरला भाऊ पॅट्रिक याचा बांधकामाचा धंदा होता, जॅक त्याच्याकडे वीटकाम शिकला. बाकी भावंडंही काही कमी नाहीत, वॉल्टर स्टेजवरचा नावाजलेला नकलाकार झाला आणि जॉर्ज नाटककार झाला, त्याला १९२६चं पुलित्झर मिळालं. एका घरातून इतकं सगळं निघालं.

घराजवळून स्क्युलकिल नदी वाहते. नदीकाठी बोट क्लबांची एक आख्खी रांगच आहे, बोटहाऊस रो म्हणतात. पोरगा ती बघतच मोठा झाला. वीस वर्षांचा व्हायच्या आधीच वल्ही हातात घेतली आणि १९०९च्या सुमाराला व्हेस्पर बोट क्लबात दाखल झाला. व्हेस्पर हे साधंसुधं नाव नव्हे, त्यांच्या आठ जणांच्या बोटीने १९०० आणि १९०४ अशी दोन ऑलिम्पिक मारली होती. आणि याच नावामुळे केलीचं पुढे नुकसान झालं, ते खाली येईलच.

सिंगल स्कल्स म्हणजे काय? होडी वल्हवणं आणि हे एकच ना?

एकच नाही. सिंगल स्कल म्हणजे एक माणूस, दोन वल्ही, आणि बोट इतकी अरुंद की बसल्यावर कंबर जेमतेम मावते. पाठ पुढच्या दिशेला असते, म्हणजे कुठे चाललोय ते दिसत नाही, मागे काय राहिलं ते दिसतं. सीट खाली रुळांवर पुढे-मागे सरकते, त्यामुळे खरा जोर पायातून येतो, मग पाठ, हात अगदी शेवटी. नवशिका नेमकं उलटं करतो, आधी हातानेच ओढायला जातो आणि दहा मिनिटांत संपतो.

आणखी एक, वल्ह्यांच्या मुठी मध्ये एकमेकींवरून जातात. एक हात वर, एक खाली, बोटभर अंतर. सुरुवातीचे काही महिने एका हाताच्या नखांनी दुसऱ्या हाताच्या पेरांवरची सालटी निघतात, पाण्यात रक्ताचे थेंब पडतात, आणि थांबून बघायला गेलात तर बोट कलंडते कारण बोटीला तोल असा नसतोच, वल्ही पाण्यावर टेकलेली आहेत म्हणून ती उभी आहे. मी मुळा-मुठेवर शिकलो तेव्हा पहिल्या महिन्यात किती वेळा पाण्यात पडलो ते मोजणं सोडून दिलं होतं. मेन म्हणजे चूक झाली तर बोट दाखवायला दुसरं कोणी नसतं बोटीत. म्हणून सिंगल स्कल्सवाल्यांचा मला जरा जास्त आदर आहे.

दिवसभर वीटकाम करून हा सराव कधी करायचा?

कामाच्या आधी आणि कामानंतर, दुसरा वेळ होता कुठे. पगारी सुट्टी, स्पॉन्सर, स्पोर्ट्स कोटा असलं काही नव्हतंच.

इथे थोडं घरचं सांगतो. माझे आजोबा गवंडी होते. डाव्या हातात वीट, उजव्या हातात थापी, माल पसरायचा, वीट दाबायची, कडेचा माल थापीने काढून पुढच्या विटेला लावायचा, मधूनच ओळंबा लावून बघायचा. एक वीट तीन किलोच्या आसपास. दिवसभरात किती वेळा वाकलो याचा हिशोब कोणी ठेवत नाही. त्यांच्या तळहाताचे घट्टे बोटांच्या मुळाशी होते आणि पहिल्यांदा रोइंगचे फोड फुटून माझ्या हाताला घट्टे आले ते बरोबर त्याच जागी. आजोबांना दाखवले तर म्हणाले, आता जरा माणसाचा हात झाला. केलीचा विचार करताना मला तो हातच आठवतो, दोन्ही कामांचे घट्टे एकाच तळव्यावर.

मध्ये पहिलं महायुद्ध आलं. हा १९१७ला सैन्यात भरती झाला, फ्रान्सला गेला, तिथे बॉक्सिंगही केलं. परत येऊन स्वतःचा वीटकामाचा धंदा काढला, पैशाला भाऊ उभे राहिले, आणि रोइंग परत सुरू. या काळात सलग १२६ रेस जिंकल्या असं सांगितलं जातं. आकडा एक-दोन इकडेतिकडे असला तरी १९२०च्या उन्हाळ्यात अमेरिकेत त्याच्यापुढे कोणी नव्हतं एवढं नक्की.

तो ‘हौशी’ होता म्हणजे नेमकं काय?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, याला जरा वेळ देऊया.

आपल्याला हौशी म्हटलं की वाटतं, पैसे न घेता आवडीने खेळणारा. केलीने रोइंगमधून कधी दमडी घेतली नाही, म्हणजे आपल्या अर्थाने शंभर टक्के हौशी. पण तेव्हाच्या इंग्लंडमध्ये अर्थ वेगळा होता. तिथल्या थेम्स नदीवर पिढ्यानपिढ्या प्रवासी आणि माल नेणारे नावाडी होते, ते पैशाच्या शर्यती लावायचे, त्यावर सट्टा लागायचा. त्यांच्यापासून आपण वेगळे हे दाखवायला युनिव्हर्सिटीतल्या साहेबलोकांनी हौशीची व्याख्या केली, हेन्ली रेगाटा नावाच्या रोइंग स्पर्धेने १८७९ला, रोइंगच्या राष्ट्रीय संघटनेने १८८२ला. त्या व्याख्येत पैशासाठी शर्यत लावणारा बाद, हे समजू शकतो. पण पुढे असंही होतं की धंद्याने कारागीर, मेकॅनिक किंवा मजूर असलेला माणूसही हौशी नाही. म्हणजे तुम्ही शर्यतीतून एक पैसा कमावलेला नसला तरी पोटासाठी हाताने काम करता एवढ्यानेच बाद.

कारण काय द्यायचे? तर अंगमेहनतीमुळे ताकद वाढते, ऑफिसात बसणाऱ्यावर अन्याय होतो. मला हे कधीच पटलं नाही. दहा तास परांचीवर उभा राहून आलेला माणूस संध्याकाळी बोटीत बसतो तेव्हा तो ताजा असतो की दमलेला? आणि जो दुपारी झोप काढून, चांगलंचुंगलं खाऊन, पगारी कोच घेऊन येतो त्याचा फायदा कोणी मोजायचा? वरच्या वर्गाला खालच्या वर्गाबरोबर एका पाण्यात उतरायचं नव्हतं, एवढंच त्याचं कारण. तिथेही सगळे याला तयार नव्हते, १८९०ला वेगळी राष्ट्रीय संघटना निघाली जी कामगारांनाही घ्यायची. पण हेन्लीची व्याख्या तीच राहिली.

हेन्ली म्हणजे काय आणि तिथे जायचा एवढा हट्ट कशाला?

हेन्ली हे थेम्सकाठचं गाव, १८३९पासून तिथे रेगाटा भरते. कोर्स साधारण २,११२ मीटरचा, एका वेळी दोनच बोटी, हरला तो घरी. सिंगल स्कल्सवाल्यांसाठी तिथली डायमंड स्कल्स, १८४४पासूनची. त्या काळात हौशी स्कलरला जगात याच्यापेक्षा मोठा मान नव्हता, ऑलिम्पिकसुद्धा नाही. आपल्याकडे क्रिकेटवाल्याला लॉर्ड्स जसं वाटतं तसं समजा.

मग १९२०ला झालं काय?

केलीने डायमंड स्कल्ससाठी नाव दिलं, जायची सगळी तयारी केली, आणि निघायच्या अगदी तोंडावर तार आली की प्रवेश नाकारला आहे, पत्र मागून येतंय.

गवंडी होता म्हणून नाकारला, हे खरं आहे का?

अर्धं खरं. इथे बहुतेक जण घाईत सांगून मोकळे होतात म्हणून नीट सांगतो. हेन्लीच्या कमिटीच्या इतिवृत्तात दोन कारणं आहेत.

पहिलं कारण व्हेस्पर क्लब. या क्लबची टीम १९०५ला हेन्लीला गेली होती आणि त्या खर्चासाठी लोकांकडून वर्गणी गोळा केली असं नंतर बाहेर आलं. हेन्लीच्या मते हे हौशीपणात बसत नाही, म्हणून १९०६ला ठराव केला की यापुढे व्हेस्परची एंट्री घ्यायची नाही. केली तेव्हा सोळा वर्षांचा, त्याचा याच्याशी काडीचा संबंध नाही, पण क्लब तोच.

दुसरं कारण, अंगमेहनतीच्या कामाचा नियम. त्या नियमाखालीही तो अपात्र आहे असं कमिटीने लिहून ठेवलं.

म्हणजे वीटकाम सोडून कारकून झाला असता तरी त्या वर्षी व्हेस्परच्या नावाने अडलाच असता. आणि क्लब बदलला असता तरी विटांनी अडला असता. काही अभ्यासक व्हेस्परचं कारण पुढे करून म्हणतात की गवंडीपणाची गोष्ट केली कुटुंबाने फुगवली. मला ते पटत नाही. दुसरं कारण कमिटीनेच कागदावर उतरवलंय, ते काही केलीने मागाहून तयार केलेलं नाही.

ऑलिम्पिकमध्ये त्याने बदला घेतला म्हणतात तो कसा?

बदला म्हणा नाहीतर काहीही म्हणा. त्या वर्षीची डायमंड स्कल्स इंग्लंडच्या जॅक बेरेसफर्डने जिंकली आणि तोच ऑगस्टमध्ये ऑलिम्पिकला आला. खेळ अँटवर्पचे, पण रोइंग ब्रसेल्सजवळ कालव्यावर, आजूबाजूला कारखाने. महायुद्ध संपून दोन वर्षंही झाली नव्हती, बेल्जियमची पार दशा झालेली होती, त्यातही खेळ भरवले हेच खूप.

फायनल २९ ऑगस्टला. बेरेसफर्ड अंगाने हलका पण भयंकर चिवट, युद्धात पायाला जखम झाली म्हणून रग्बी सुटलं आणि रोइंगकडे वळलेला. दोघं शेवटपर्यंत बरोबरीने गेले. केली ७ मिनिटं ३५ सेकंद, बेरेसफर्ड ७ मिनिटं ३६ सेकंद. २,००० मीटरला एक सेकंद म्हणजे बोटीच्या लांबीहूनही कमी अंतर, जवळपास दोनशे वेळा वल्ही मारायची आणि त्यातली एखादी जरा उथळ बसली तर तेवढ्यात सगळं गेलं. रेस संपल्यावर दोघांत इतकंही त्राण नव्हतं की हात पुढे करून शेकहँड करावा, असं सांगतात आणि ते मला खरं वाटतं. जीव तोडून मारलेल्या रेसनंतर बोटं मुठीतून सुटत नाहीत, ती एकेक करून उघडावी लागतात.

आणि लगेच दुसरी रेस?

हो. साधारण अर्ध्या तासाने डबल स्कल्सची फायनल, जोडीला आतेमामे भावांपैकी पॉल कॉस्टेलो, केलीच्या आईचं माहेर कॉस्टेलो होतं. समोर इटली आणि फ्रान्स. हे दोघं ७ मिनिटं ९ सेकंदात, इटली दहा सेकंद मागे.

पोरांना हे सांगितलं की ती म्हणतात, सर अर्धा तास म्हणजे बराच वेळ की. मग मी त्यांना एक पूर्ण जोराची २,००० मीटर मारायला लावतो आणि अर्ध्या तासाने विचारतो, परत जायचं का.

बेरेसफर्ड आणि केलीचं वैर होतं का?

अजिबात नाही, दोघं पुढे चांगले मित्र राहिले. बेरेसफर्डही काही साधा माणूस नाही, १९२० ते १९३६ पाच ऑलिम्पिकमध्ये पाच मेडल. केलीचा राग होता तो नियम करणाऱ्यांवर.

ती हिरव्या टोपीची गोष्ट खरी का?

केली हिरवी टोपी घालून रेस करायचा. गोष्ट अशी की जिंकल्यावर त्याने ती घामाने भिजलेली टोपी इंग्लंडच्या राजाला, पाचव्या जॉर्जला, ‘एका गवंड्याकडून’ म्हणून पाठवून दिली. मी ही गोष्ट सांगतो, पण आख्यायिका म्हणूनच सांगतो.

१९२४ला काय झालं?

पॅरिसला परत केली-कॉस्टेलो जोडीने डबल स्कल्स जिंकली, केली तेव्हा ३४ वर्षांचा. सिंगल स्कल्सला तो नव्हता, ते गोल्ड बेरेसफर्डने नेलं. कॉस्टेलोने १९२८ला दुसरा जोडीदार घेऊन तिसऱ्यांदा डबल स्कल्स मारली, या माणसाचं नाव कोणी घेत नाही याचं मला वाईट वाटतं.

नंतर तो श्रीमंत झाला म्हणे?

हो, वीटकामाच्या कंत्राटातूनच. ‘केली फॉर ब्रिकवर्क’ ही जाहिरात त्या भागात सगळ्यांच्या तोंडी होती, धंदा वाढत वाढत करोडपती झाला. ईस्ट फॉल्सलाच हेन्री अव्हेन्यूवर स्वतःचं विटांचं घर बांधलं. बायको मार्गारेट मेजर ही युनिव्हर्सिटी ऑफ पेन्सिल्व्हेनियात मुलींना शारीरिक शिक्षण शिकवायची, चार मुलं झाली. १९३५ला फिलाडेल्फियाच्या महापौरपदासाठी डेमोक्रॅट म्हणून उभा राहिला आणि पडला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी लोकांच्या फिटनेसची राष्ट्रीय जबाबदारी दिली. राजकारणाबद्दल मला यापेक्षा जास्त उत्सुकता नाही.

डायमंड स्कल्स मग राहूनच गेली?

त्याची स्वतःची राहिली, कायमची. मुलगा जॉन, म्हणजे ज्युनियर केली, जन्म १९२७. त्याला वडिलांनी लहानपणापासून बोटीत बसवलं ते एकाच गोष्टीसाठी. १९४६ला तो हेन्लीला गेला आणि फायनलला फ्रेंच स्कलरकडून हरला. परत आला, वर्षभर परत मेहनत, आणि १९४७ला जिंकला, विसाव्या वर्षी. १९४९ला पुन्हा जिंकला. बापाला २७ वर्षांपूर्वी ज्या पाण्यात उतरू दिलं नाही तिथे पोराने नाव कोरलं. ज्युनियर चार ऑलिम्पिक खेळला, १९५६ला मेलबर्नला ब्राँझ मिळालं. पोरावर याचं किती ओझं असेल हेही मनात येतं, बापाचं अर्धं राहिलेलं काम पोराने पुरं करायचं हे आपल्या घरांतही चालतंच, आणि ते नेहमी सुखाचं नसतं.

पुढे १९८१ला हेन्लीने बक्षिसं द्यायला प्रिन्सेस ग्रेसला बोलावलं. आज तिथे बायकांच्या चार जणींच्या स्कल्सचा जो कप आहे तो तिच्याच नावाचा आहे.

तो नियम कधी गेला?

१९३७ला. त्याआधी अजून दोन प्रकरणं झाली. ऑस्ट्रेलियाचा बॉबी पिअर्स, सुतार होता, १९२८ला डायमंडसाठी नाव दिलं तर तेच कारण देऊन नाकारलं. त्याने त्याच वर्षी अॅमस्टरडॅमला ऑलिम्पिक गोल्ड घेतलं, आणि तेसुद्धा एका रेसच्या मध्येच बदकांची रांग आडवी आली म्हणून थांबून, त्यांना जाऊ देऊन. मग कॅनडात व्हिस्की विकायची नोकरी लागली, विक्रेता म्हणजे हाताचं काम नाही, झाला हौशी, आणि १९३१ला डायमंड जिंकली. माणूस तोच, हात तेच. दुसरं १९३६चं, ऑस्ट्रेलियाची ऑलिम्पिकला निघालेली आठ जणांची टीम पोलिसांची होती म्हणून हेन्लीने घेतली नाही. त्याच्यावर एवढी बोंब झाली की पुढच्या वर्षी मजूर, कारागीर वगैरे शब्द काढूनच टाकले.

आपल्याकडच्या कोणाला हा नियम लागला असता का?

दत्तू भोकनळ. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही, दुष्काळी गाव, वडिलांबरोबर विहिरी खोदायचं काम करायचा. सैन्यात गेल्यावर पुण्यात पहिल्यांदा बोटीत बसला आणि २०१६ला रिओ ऑलिम्पिकमध्ये सिंगल स्कल्सला तेरावा आला, २०१८ला एशियन गेम्सला चार जणांच्या स्कल्समध्ये गोल्ड. १९२०ची हेन्ली असती तर विहिरी खोदणारा दत्तूही त्याच नियमाने बाहेर राहिला असता. मुलांना हे सांगितलं की त्यांना केली एकदम जवळचा वाटायला लागतो.

फिलाडेल्फियाला गेलो तर बघण्यासारखं काय?

बोटहाऊस रो बघा, व्हेस्पर क्लब अजून तिथेच आहे. नदीकाठाने वर चालत गेलात की जिथे रेस संपते त्याच्या जवळ १९६५ला बसवलेला केलीचा पुतळा आहे, बोटीत बसून वल्ही मारताना.

मग तिथला केली ड्राइव्ह रस्ता त्याच्याच नावाचा ना?

नाही, तो मुलाच्या नावाचा. ज्युनियर १९८५ला वारला, तेव्हा नदीकाठच्या रस्त्याला त्याचं नाव दिलं.